जुन्या ९११च्या मागच्या चाकांना रुंद टायर बसवताना

पोर्शेची ९११ एससी (१९७८ ते १९८३) किंवा तिच्यानंतरची कॅरेरा ३.२ (१९८४ ते १९८९) ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांना कधी ना कधी एक मोह होतोच. गाडी मागून पाहिली की मडगार्डची भरदार कमान दिसते आणि त्या कमानीखाली चाक मात्र दोन बोटे आत, अंग चोरून उभे असल्यासारखे वाटते. मग दुकानात जाऊन २२५च्या जागी २४५ (मिमी रुंदी) मापाचा टायर मागितला जातो, दुकानदार तो चढवून देतो, आणि मागे थोडे सामान ठेवल्यावर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मडगार्डच्या आतून रबर खरवडल्याचा आवाज येतो. पुढील माहिती त्या आवाजाच्या आधी वाचण्यासाठी आहे. ती मूळ, अरुंद बांध्याच्या गाड्यांपुरतीच आहे. टर्बोचे रुंद मडगार्ड असलेल्या गाड्यांची मापे वेगळी असल्याने इथला एकही आकडा त्यांना लावू नये.

माझ्या १९८२च्या एससीवर आधीच्या मालकाने ७ इंची रिमवर २४५चे टायर चढवून घेतले होते. टायरचे गाल (बाजूच्या भिंती) रिमच्या बाहेर फुगलेले, हवा बरोबर असूनही वळणावर मागचा भाग लडबडणारा, आणि डाव्या टायरच्या खांद्यावर (गाल आणि रस्त्याला टेकणारा भाग जिथे मिळतात त्या कडेवर) मडगार्डच्या दुमडीने, म्हणजे आत वळवलेल्या कडेने, पाडलेला चर. ज्या गॅरेजने ते बसवले होते तिथे विचारल्यावर ‘बसतात की, बसवून दिलेत ना!’ एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर मी जे मोजले आणि समजून घेतले, त्यातून हे लेखन झाले आहे.

रस्त्यावरच्या ९११ची मागची चाके पुढच्यापेक्षा रुंद ठेवण्याची पद्धत पोर्शेने १९७३च्या कॅरेरा आरएस २.७ या गाडीपासून सुरू केली. त्या गाडीला पुढे ६ इंची रिमवर १८५/७० आणि मागे ७ इंची रिमवर २१५/६० मापाचे १५ इंची टायर होते (पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत गालाची उंची), आणि त्यांना सामावण्यासाठी मागचे मडगार्ड फुगवले होते. हौसेपेक्षा गरजेचा भाग त्यात जास्त होता. ९११चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेले असते, गाडीच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग मागच्या चाकांवर असतो, आणि वळणात असताना चालकाने अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तो भार बाहेरच्या दिशेने झोकून देऊन शेपटी पुढे येऊ पाहते. मागे पकड जास्त असेल तर हा स्वभाव काबूत राहतो. एससीला तेच मडगार्ड आणि मूळ मापे तीच मिळाली. १६ इंची चाके घेणाऱ्यांना पुढे २०५/५५ आणि मागे २२५/५० असा पर्याय होता, तोही मागे ७ इंची रिमवरच. १९८९ या शेवटच्या वर्षी मात्र कॅरेराला कारखान्यातूनच मागे ८ इंची रिम आली, टायर २२५/५०च राहिला. दुसरीकडे, १९८६पासून टर्बोला मागे २४५/४५ मापाचा टायर मिळाला, पण तो ९ इंची रिमवर आणि कितीतरी रुंद मडगार्डखाली. हे दोन तपशील शेजारी ठेवले, तर ज्यांनी गाडी बनवली त्यांनी अरुंद बांध्याची मर्यादा कुठे मानली होती, याचा अंदाज येतो.

आता मूळ मुद्दा. ‘किती रुंद टायर बसेल?’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न ‘रिम कुठे बसते?’ हा आहे. प्रत्येक रिमला रुंदीइतकेच महत्त्वाचे दुसरे माप असते, ते म्हणजे ऑफसेट. रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिमची हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) टेकणारी बैठक यांच्यातले हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात आणि जर्मन पद्धतीने ‘ईटी’ या अक्षरांनी लिहितात. ईटी जितका मोठा तितकी रिम गाडीच्या आत सरकते, आणि जितका लहान तितकी बाहेर येते. फुक्स या कंपनीने पोर्शेसाठी बनवलेल्या मूळ १६ इंची रिमांमध्ये ६ इंचीचा ईटी ३६, ७ इंचीचा २३.३ आणि ८ इंचीचा १०.६ असतो. हे आकडे विचित्र वाटतात, पण थोडी बेरीज-वजाबाकी केली की त्यांच्यामागची योजना उलगडते. ७ इंची रिमची अर्धी रुंदी ८८.९ मिमी, तीत २३.३ मिळवले की हबच्या बैठकीपासून आतली कड ११२.२ मिमी अंतरावर येते, आणि वजा केले की बाहेरची कड ६५.६ मिमीवर. ८ इंची रिमची अर्धी रुंदी १०१.६ मिमी, तिच्यात १०.६ मिळवले की पुन्हा ११२.२च येतात, आणि बाहेरची कड मात्र ९१ मिमीवर जाते. ६ इंचीचा हिशोब करून पाहावा, तिथेही आतली कड ११२.२ मिमीवरच आहे. म्हणजे या कुटुंबातली प्रत्येक मोठी रिम आतल्या बाजूला तसूभरही सरकत नाही. वाढलेला प्रत्येक इंच, पूर्ण २५.४ मिमी, बाहेरच्या बाजूला जातो. त्यामुळे ७ वरून ८ इंची फुक्सवर जाताना आतल्या बाजूच्या ट्रेलिंग आर्मची (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याची) किंवा पाइपांची काळजी करण्याचे सहसा कारण नसते आणि सगळी कसोटी मडगार्डच्या बाहेरच्या कडेवर लागते. टर्बोची ९ इंची रिम (ईटी १५) या रांगेत बसत नाही. ती आत १७ मिमी आणि बाहेर आणखी ८ मिमी सरकते, आणि अरुंद गाडीला तिचा विचार पत्रा कापल्याशिवाय करता येत नाही. अकिरा नाकाई यांच्यासारखे जपानी कारागीर नेमके तेच करतात, मडगार्ड कापून त्यावर रुंद कमानी बसवतात, आणि ते काम पाहण्यासारखे असते. पण तो रस्ता एकदा धरला की मागे फिरता येत नाही.

टायरच्या बाजूवरचा आकडा हा टायरच्या प्रत्यक्ष रुंदीचा पक्का पुरावा नव्हे, हे दुसरे लक्षात ठेवण्याजोगे सूत्र. प्रत्येक मापासाठी एक प्रमाण रिम ठरलेली असते, टायरची रुंदी त्या रिमवर मोजलेली असते, आणि रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की टायर सुमारे ५ मिमीने पसरतो. २२५/५० आर १६ची प्रमाण रिम ७ इंची आणि तिच्यावरची रुंदी २३३ मिमी आहे. तोच टायर ८ इंची रिमवर चढवला की सुमारे २४३ मिमी होतो. २४५/४५ आर १६ची प्रमाण रिम ८ इंची आणि तिच्यावरची रुंदी तीच, २४३ मिमी. म्हणजे ८ इंची रिमवर दोन्ही टायरांचे गाल जवळपास सारख्याच रुंदीचे असतात. मग २४५ का घासतो आणि २२५ का घासत नाही? कारण घासण्याचे काम गालाचे नसून खांद्याचे असते. २२५च्या गालाला ८ इंची रिम बाहेरच्या बाजूला ताणते, त्यामुळे तो रिमकडून माथ्याकडे तिरका आत येतो आणि रस्त्याला लागणारा भाग व खांदा अरुंद राहतो. २४५चा गाल सरळ उभा असतो, खांदा चौकोनी असतो, आणि चाक वर उचलले गेले की मडगार्डच्या दुमडीसमोर नेमका तो खांदाच येतो. शिवाय टायरांच्या मापात काही टक्क्यांची सूट मान्य असते आणि एका कंपनीचा २४५ दुसरीच्या २४५पेक्षा चांगला जाडजूड निघू शकतो. अंथरूण किती आहे ते टायरवर छापलेले नसते.

रिमच्या रुंदीची मान्य मर्यादाही तपासावी. २२५/५० आर १६साठी ती ६ ते ८ इंच आहे, त्यामुळे ८ इंची रिम ही त्याची वरची हद्द झाली. २४५/४५ आर १६साठी ती ७.५ ते ९ इंच आहे. माझ्या गाडीवर आढळलेली ७ इंची रिम आणि २४५चा टायर ही जोडी त्यामुळे मुळातच चुकीची होती. घासण्याचा प्रश्न त्यानंतरचा. अशा जोडीत टायर रिमच्या दोन्ही कडांवरून फुगतो, वळणात त्याची कड रिमवर डोलते आणि हातात येणारी गाडीची जाणीव बोथट होते.

यावरून माझे मत असे बनले आहे की, रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी मागे ८ इंची रिम आणि २२५/५० आर १६ हीच जोडी घ्यावी. चाक मडगार्डच्या कडेपर्यंत बाहेर येते, मोह झाला होता तो देखणेपणा मिळतो, टायरचा गाल ताठ होतो, टायर पुष्कळ कंपन्यांचे मिळतात आणि बहुतेक गाड्यांच्या पत्र्याला हात लावावा लागत नाही. २४५/४५ आर १६ बनवणाऱ्या कंपन्या निवडकच उरल्या आहेत आणि त्यातले बरेचसे टायर ट्रॅकवर धावण्याच्या हेतूने बनवलेले, पावसात बेभरवशाचे असतात. तरीही ज्यांना तो हवाच असेल, त्यांनी पुढची मोजमापे दुप्पट काळजीने करावीत.

रिम विकत घेण्यापूर्वी ती उलटी करून पाहावी. मूळ फुक्स रिमच्या मागच्या बाजूला माप, भाग-क्रमांक आणि बनवल्याची तारीख ठोकलेली असते. नकली रिमा देखण्या असतात आणि सगळ्याच वाईट असतात असे नाही, पण त्यांचा ऑफसेट मूळ रिमसारखा असेलच असे धरून चालू नये. तो घरीही मोजता येतो. रिम दर्शनी बाजू खाली करून घोंगडीवर ठेवावी, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवावी आणि पट्टीपासून हबच्या बैठकीपर्यंतची खोली मोजावी. त्यातून रिमच्या एकूण रुंदीचा निम्मा भाग वजा केला की ऑफसेट मिळतो. एकूण रुंदी म्हणजे दोन्ही कडांच्या बाहेरून घेतलेले माप, आणि ती लिहिलेल्या रुंदीपेक्षा साधारण एका इंचाने जास्त असते, हे विसरल्यास उत्तर १२-१३ मिमीने चुकते. जुन्या ७ इंची रिम कापून, जोडून ८ इंची केलेल्याही बाजारात फिरतात. फुक्सची रिम घडवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिची सारी ताकद त्या घडणीत असते. वेल्डिंग केलेली रिम कितीही चकचकीत असली तरी घेऊ नये. खरी रिम मिळाली तरी ती बॅलन्सिंगच्या मशीनवर रिकामी फिरवून डोलते का ते पाहावे आणि आऱ्यांच्या मुळाशी बारीक तडे आहेत का ते रंग काढण्याच्या आधी तपासून घ्यावे.

टायर निवडताना मापाखालोखाल भार आणि वेग यांचे अंक पाहावेत. ९२ हा भारांक म्हणजे एका टायरला ६३० किलो आणि ९४ म्हणजे ६७० किलो. वेगाचे अक्षर व्ही असेल तर ताशी २४० किमी आणि डब्ल्यू असेल तर २७०. कॅरेराचा कमाल वेग ताशी २४५ किमीच्या आसपास असल्याने तिला डब्ल्यू किंवा त्याहून वरचेच घ्यावे. बनवल्याची तारीख डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटच्या चार आकड्यांत असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. हौशी गाड्यांचे टायर झिजण्यापूर्वी म्हातारे होतात, म्हणून नक्षी शाबूत असलेला पण आठ-नऊ वर्षांचा ‘नवा’ टायर स्वस्तात मिळत असेल तर तो नाकारावा. मागचे दोन्ही टायर एकाच वेळी, एकाच कंपनीचे आणि एकाच नमुन्याचे बदलावेत.

यानंतर गाडीवरची मोजणी, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवायला हवा. त्या काळातल्या ९११चा सांगाडा बऱ्याच अंशी हाताने जुळवलेला आहे. डावीकडची आणि उजवीकडची जागा काही मिलिमीटरनी वेगळी असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि चाळीस वर्षांत एखादा अपघात झाला असेल तर विचारायलाच नको. म्हणून एका बाजूचे माप घेऊन दुसरी बाजू गृहीत धरू नये. मडगार्डवर लोहचुंबक फिरवून पाहावे. तो जिथे चिकटत नाही तिथे पोटीन आहे, आणि पोटीन भरलेली कमान पुढे दुमडायला घेतली तर ढलपे पडतील.

गाडी सपाट फरशीवर उभी करावी, टाकी अर्धी भरलेली असावी, चालकाच्या सीटवर चालकाइतके वजन ठेवावे आणि गाडी दोन-चार मीटर पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन मोकळे होऊ द्यावे. मग मडगार्डच्या कमानीच्या मध्यावर ओळंबा टांगून, त्याच्या दोरीपासून टायरच्या गालापर्यंत आणि रिमच्या कडेपर्यंतची अंतरे दोन्ही बाजूंना मोजावीत आणि वहीत लिहावीत. सध्या ७ इंची रिमवर २२५चा टायर असेल आणि ८ इंचीवर तोच टायर न्यायचा असेल, तर गाल सुमारे १८ मिमी बाहेर येईल आणि आतल्या बाजूला उलट ७-८ मिमी जागा मोकळी होईल. रिमची कड आत तिथेच राहते आणि ताणला गेलेला गाल तिच्या बाहेर आधीइतका फुगत नाही, त्याचा हा परिणाम. आतली मोकळी जागा टायरच्या पुढे, मागे आणि वर अशी तिन्ही ठिकाणी पाहावी. उजव्या मागच्या चाकाच्या मागे तेलाची टाकी असते हे ध्यानात ठेवावे. या गाडीतले सर्वांत महागडे घासणे ते असेल.

उभ्या गाडीची मापे अर्धेच सत्य सांगतात. चाक पूर्ण वर गेल्यावर काय होते ते पाहण्यासाठी जुनी युक्ती मातीची आहे. मुलांच्या खेळण्यातल्या, तेलात मळलेल्या रंगीत मातीच्या सुपारीएवढ्या गोळ्या करून मडगार्डच्या दुमडीच्या आतल्या बाजूला दर चार बोटांवर चिकटवाव्यात. गणपतीची शाडू यासाठी चालत नाही. ती वाळून पडते आणि मग काहीच कळत नाही. नंतर मागच्या सीटवर वाळूच्या पिशव्यांचे ८०-१०० किलो वजन ठेवून, मागचे एकच चाक रॅम्पवर जाईल अशा तऱ्हेने गाडी सावकाश तिरकी चढवावी, दुसऱ्या चाकाने तेच करावे, आणि मग गतिरोधकांवरून एक फेरी मारून यावी. दबलेल्या गोळीची उरलेली जाडी म्हणजे त्या जागी टायर आणि पत्रा यांच्यात राहिलेले अंतर. ८ मिमीपेक्षा जास्त उरले तर मी निश्चिंत असतो, ५च्या खाली गेले तर काहीतरी करावे लागेल असे समजतो. नवीन रिम विकत घेण्यापूर्वी ही चाचणी जुन्या चाकांवर करून वरच्या आकड्यांनी हिशोब करता येतो, पण कोणाकडून दोन चाके एका दिवसासाठी मागून आणता आली तर त्यासारखे उत्तम काही नाही. याच वेळी मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासावेत. या गाडीत चाकाची वरची झेप अडवणारे रबर शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्येच असते. ते कुजून गळून गेले असेल तर चाक ठरल्यापेक्षा वर जाते, आणि दोष नव्या टायरला दिला जातो.

जागा कमी पडली तर उपाय एका क्रमाने करावेत, आणि पत्र्याला हात शेवटी लावावा. पहिला उपाय उंचीचा. बऱ्याच गाड्या कोणीतरी हौसेने खाली बसवलेल्या असतात. टॉर्शन बारपाशी (ही पिळली जाऊन स्प्रिंगचे काम करणारी पोलादी कांब) उंची १० मिमीने जरी परत वाढवली तरी प्रश्न अनेकदा तिथेच मिटतो. उंची मडगार्डच्या कडेपासून न मोजता, कारखान्याच्या पद्धतीप्रमाणे चाकाचा मध्य आणि टॉर्शन बारचा मध्य यांच्या फरकाने मोजावी, कारण मडगार्डची कड डावी-उजवीकडे सारखी नसतेच. दुसरा उपाय कॅम्बरचा. चाकाचा माथा एक अंशाने आत झुकवला की टायरचा वरचा भाग साधारण साडेपाच मिमी आत येतो; वजा एक ते दीड अंशापर्यंतचा कॅम्बर रस्त्यावरच्या गाडीला चालतो, मात्र सरळ रस्त्यावर जास्त धावणाऱ्या गाडीच्या टायरची आतली कड त्याने लवकर झिजते. हे काम चारही चाकांच्या अलाइनमेंटच्या यंत्रावरच करावे, कारण मागे कॅम्बर बदलला की टो-इनही (चाकांच्या पुढच्या कडा किती आत वळल्या आहेत त्याचे माप) बदलते आणि मागची बिघडलेली टो-इन या गाडीला बेभरवशाची करते.

तिसरा उपाय दुमड दाबण्याचा. मडगार्डची कड आतल्या बाजूला बोटभर आडवी वळवलेली असते. ती वर दाबून चपटी केली की खांद्याला नेमकी हवी ती जागा मिळते. यासाठी हबला बोल्टने जोडायचे रोलरचे हत्यार मिळते. क्रिकेटच्या बॅटच्या मुठीने किंवा हातोडीने हे काम करणाऱ्यांची कमी नाही, आणि त्यांच्या गाड्यांच्या कमानी लांबूनच ओळखू येतात. रंग गरम हवेच्या गनने हाताला जेमतेम सोसेल इतका तापवावा, साधारण ५० ते ६० अंश, आणि रोलर एका फेरीत फार तर दोन-तीन मिमी दाबत अनेक फेऱ्यांत काम संपवावे. १९७६च्या मॉडेलपासून या गाड्यांच्या पत्र्यावर गरम जस्ताचा थर आहे, त्यामुळे गंज सहजी लागत नाही. पण दुमड दाबताना आतला जुना सीलर फुटतोच, आणि त्या फटीत पाणी-मीठ साचले तर जस्तही किती वर्षे पुरणार? म्हणून काम झाल्यावर आतून साफ करून, प्रायमर आणि नवा सीलर लावल्याशिवाय चाक परत चढवू नये.

स्पेसरबद्दल, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसवायच्या चकतीबद्दल, थोडक्यात. ८ इंची फुक्सला तो लागतच नाही. नकली रिमचा ऑफसेट वेगळा असल्यामुळे लावावाच लागला, तर हबवर मध्य धरणारा घ्यावा आणि स्टड लांब बदलून घ्यावेत. स्टडचे आटे १४ मिमी जाडीचे आणि दीड मिमी अंतराचे आहेत. नट किमान नऊ पूर्ण फेरे बसला तरच ती पकड पुरेशी समजावी.

चाके बसवताना गाडी उचलण्यापूर्वी बाजूच्या पट्टीतल्या जॅकच्या जागा गंजल्या आहेत का ते पाहावे आणि फक्त जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड लावावेत. हबची आणि रिमची बैठक तारेच्या ब्रशने स्वच्छ करावी. अ‍ॅल्युमिनियमचे नट हाताने शेवटपर्यंत फिरले पाहिजेत. अडत असतील तर आटे साफ करावेत, बळजबरी करू नये. नटांच्या गोल बैठकीला ग्रीस लावू नये. हवेच्या गनने नट आवळणे या चाकांवर अक्षम्य आहे. पाचही नट एकाआड एक, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचने १३० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत.

आता स्वभाव. रुंद टायरमुळे रस्त्यावर टेकणारे क्षेत्र खूप वाढते हा समज तितकासा खरा नाही. एका चाकावर समजा ३५० किलो भार आहे आणि हवा २.५ बार आहे, तर टेकणारे क्षेत्र टायर कोणताही असला तरी ढोबळमानाने १४० चौरस सेंटीमीटरच्या आसपास राहते. बदलतो तो त्याचा आकार, जो आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो. वळणात त्याचा फायदा होतो, साचलेल्या पाण्यात तोटा, कारण रुंद टायर कमी वेगात पाण्यावर तरंगू लागतो. मागची पकड वाढवून पुढचे टायर तसेच ठेवले की गाडी वळणात सरळ जाऊ पाहते. ९११चे हलके नाक ती तक्रार लगेच करते. मागे २२५ ठेवून रिमच फक्त ८ इंची केली तर हा फरक थोडाच जाणवतो. मागे २४५ लावल्यास पुढे ७ इंची रिम देण्याचा विचार करावा, म्हणजे २०५चा टायर ताठ होऊन नाकाला धार येते. कॅरेराच्या १६ इंची चाकांसाठी पुढे २.० आणि मागे २.५ बार हवा सांगितलेली आहे. तिथून सुरुवात करून एका वेळी ०.१ बारचा फरक करत आपल्या रस्त्याला मानवेल ते शोधावे.

स्पीडोमीटरचा फरक क्षुल्लक आहे. २२५/५० आर १६चा व्यास ६३१ मिमी आणि २४५/४५ आर १६चा ६२७. काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवेल, पण तो फरक पाऊण टक्क्याहून कमी असेल. मूळ १५ इंची २१५/६०चा व्यास ६३९ होता, म्हणजे तिथून येणाऱ्यांना जवळपास दोन टक्के. या गाड्यांत एबीएस नसल्यामुळे पुढच्या-मागच्या व्यासांच्या फरकाने कोणतीही यंत्रणा गोंधळत नाही. एक गैरसोय मात्र कोणी आधी सांगत नाही: पंक्चर झाल्यावर पुढच्या डिकीतले घडीचे स्टेपनी चाक लावता येते, पण काढलेले ८ इंची चाक त्या जागी मावत नाही, आणि ते शेजारच्या सीटवर बसवून घरी आणावे लागते.

कागदपत्रांचे पाहून घ्यावे. ही गाडी हाताळणारा मराठी माणूस बहुधा परदेशातच असणार, म्हणून तिथले आधी. जर्मनीत रिम आणि टायरची बदललेली जोडी ट्यूफसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या तज्ज्ञाला दाखवून नोंदवून घ्यावी लागते. नोंद नसेल तर गाडी रस्त्यावर चालवण्याची परवानगीच अडचणीत येते. ३० वर्षांवरील गाडीला मिळणारी ‘एच’ पाटी टिकवायची असेल तर बदल त्या काळाला साजेसा असावा लागतो, आणि कारखान्याच्याच मापाची ८ इंची फुक्स तिथे उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीत टायर कुठल्याही भागाला घासत असेल तर गाडी नापास होते. भारतात १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणाऱ्या बदलांना आडकाठी करते, तेव्हा इथे आरटीओशी बोलल्याखेरीज काही करू नये. विमा कंपनीला सर्वत्रच लेखी कळवावे.

पहिले ८० किलोमीटर झाल्यावर, चाके थंड असताना, नट पुन्हा १३० न्यूटन-मीटरला तपासावेत. नवे टायर पहिले दोनएकशे किलोमीटर जपून चालवावेत, आणि त्या काळात मातीच्या गोळ्या मडगार्डमध्ये तशाच राहू द्याव्यात. भरलेल्या गाडीने महामार्गावरच्या पुलांच्या सांध्यांवरून एक फेरी झाली की मगच त्या काढून, प्रत्येकीची जाडी डावी-उजवी अशी लिहून ठेवावी. टायरच्या खांद्यावर चमकणारी पट्टी किंवा दुमडीवर रबराचा काळा डाग दिसला तर आवाज ऐकू आलेला नसला तरी टायर घासला आहे असे समजावे आणि पुन्हा उंचीपासून सुरुवात करावी. वहीत टायरची कंपनी, नमुना, हवा, उंची, कॅम्बर आणि या जाड्या एका पानावर लिहून ते गाडीच्या कागदांत ठेवावे. तीन-चार वर्षांनी त्याच मापाचा पण दुसऱ्या कंपनीचा टायर घेताना ते पान आधी काढून पाहावे लागते.